मिठाचा डबा कोणाच्या हातात?

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४६, नोकरी, घरात पाच माणसं: सासू-सासरे, नवरा, बारावीतला मुलगा आणि त्या स्वतः. सासऱ्यांचं वय ७४, बीपीच्या गोळ्या बारा वर्षांपासून चालू. आता ऑफिसच्या तपासणीत नवऱ्याचंही बीपी १५०/९६ निघालं आणि डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं, "मीठ कमी करा." बाईंनी दुसऱ्याच दिवसापासून भाजी-आमटीतलं मीठ निम्म्यावर आणलं. मुलाने ताट सरकवलं. सासरे चव न घेताच वरून मीठ घेऊ लागले. नवरा जेवताना फरसाणाचा डबा काढून बसू लागला. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. "आजाऱ्याचं जेवण घरभर कशाला?" म्हणत त्या, सून अंघोळीला गेली की कढईत चिमूटभर टाकू लागल्या. मग बाईंनी दोन कढया मांडल्या, बापलेकांची वेगळी आणि बाकी तिघांची वेगळी. नवऱ्याला ते लागलं. त्याने कुठलासा व्हिडिओ पाहून गुलाबी सैंधव आणलं, आणि "यात सोडियमच नसतं" म्हणून आता सगळे ते सैल हाताने वापरतात.

त्या लिहितात: "सासूबाई सारखं आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांचं उदाहरण देतात. सोडियम कमी झालं म्हणून त्यांना आयसीयूत ठेवावं लागलं होतं. पण हा निव्वळ बहाणा आहे. (शनिवारी खिचडी, पापड, लोणचं असतं तेव्हा मात्र सगळे गुण्यागोविंदाने जेवतात.) किराण्यात मिठाचा एक किलोचा पुडा दर महिन्याला येतोच. स्वयंपाक मी करते, तरी माझं कोणी ऐकत नाही. सासूबाईंना कसं समजावू? वेगळा स्वयंपाकच करत राहू का? आणि सैंधव चालेल का?"

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे. शनिवारी तुमच्याकडे मिठावरून भांडण होत नाही, कारण शनिवारी कोणी मीठ कमी केलेलंच नसतं. उडदाच्या एका पापडात, कंपनीनुसार कमी-जास्त होईल, पण अर्ध्या ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. शिवाय पापडखार असतो, त्यातही सोडियमच. मुरलेल्या कैरीच्या लोणच्याची मोठी फोड खारासकट घेतली, तर एक-दीड ग्रॅम मीठ सहज पोटात जातं. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्लाही तोच आहे. म्हणजे दोन पापड आणि लोणच्याची एक फोड झाली की दिवसाचा निम्मा वाटा ताटाच्या डाव्या बाजूलाच संपला. खिचडी तर अजून मोजलीच नाही.

आठवडाभर तुम्ही भाजी-आमटीशी लढताय. तिथलं मीठ कमी झालं की पहिल्या घासाला कळतं, आणि कळलं की घरात बंड होतं. पापड, लोणचं, फरसाण, पाव, बिस्किटं, टोस्ट यांच्याकडे मात्र तुमच्यासकट कोणाचं लक्ष नाही. तुम्ही सगळ्यात अवघड दार आधी ठोठावलंत, एवढंच.

आता तो एक किलोचा पुडा. तो महिन्यात संपत असेल तर दिवसाला ३३ ग्रॅम झाले, माणशी साडेसहा ग्रॅमहून थोडं जास्त. त्यातलं काही गुळण्यांना, काही फळं-भाज्या मिठाच्या पाण्यात टाकण्यात जात असेल, ते सोडून देऊ. पण या हिशेबात विकतचे पापड नाहीत, फरसाण नाही, नवऱ्याचं कँटीनमधलं जेवण नाही, मुलाचा क्लासजवळचा वडापाव नाही. देशपातळीवरच्या पाहणीतही माणशी रोजचं मीठ ८ ग्रॅमच्या घरात निघालं होतं, तेव्हा तुमचं घर काही जगावेगळं नाही. पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ पाकिटबंद खाण्यातून येतं, तिथे घरच्या बाईच्या हातात फारसं काही उरत नाही. आपल्याकडे अजूनही मोठा वाटा घरच्या डब्यातूनच जातो. ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

माझा ढोबळ हिशेब असा: बाहेरच्या आणि तयार पदार्थांतून माणशी २ ग्रॅम येणार असं धरायचं, आणि घरच्या डब्यातून माणशी ३ ग्रॅमच काढायचे. पाच माणसांचे १५ ग्रॅम. मग एक किलोचा पुडा दोन महिन्यांहून थोडा जास्त पुरायला हवा. तिघांच्या घरात साडेतीन महिने, दोघांच्या घरात पाच महिन्यांहून जास्त. हे वाचणाऱ्या कोणालाही आज करता येईल असं काम म्हणजे मिठाचा नवा पुडा फोडताना त्यावर पेनाने तारीख टाकणे. कुठलीही रक्ताची तपासणी न करता घराचा अंदाज त्यातून येतो.

आता तुम्ही गृहीत धरलेल्या काही गोष्टींबद्दल बोलते. थोडं टोचेल.

डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं दोन पुरुषांना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलात तुम्ही. त्या दोघांनी स्वतःहून काय सोडलं, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. फरसाण घरात कोण आणतं? मला वाटतं, नवराच. मग ते घरात किती यावं हे त्याचं काम आहे, आणि ते तुम्ही त्याच्याकडून करून घ्यायचं नाही, त्याने करायचं. किलोचा डबा भरून ठेवण्याची पद्धत बंद करायची. खावंसं वाटलं तर शंभर ग्रॅमची पुडी आणावी, पाच जणांत वाटावी, संपवावी. सासऱ्यांनाही कोणीतरी, शक्यतो त्यांच्या मुलाने, शांतपणे सांगायला हवं की हे सून लादत नाहीये, डॉक्टरांनी त्यांना सांगितलं आहे.

दुसरं, सासूबाई. तुम्ही लिहिता, काकांचं उदाहरण हा बहाणा आहे. मला तो बहाणा वाटत नाही. शेजारचं ओळखीचं माणूस एका रात्रीत असंबद्ध बोलायला लागलं, त्याला आयसीयूत नेलं, आणि बाहेर आल्यावर सगळे म्हणाले "सोडियम कमी झालं होतं." सोडियम म्हणजे मीठ, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. मग सून सासऱ्यांचं मीठ तोडते आहे म्हटल्यावर त्या बाईंनी काय समजायचं? तुम्ही अंघोळीला गेल्यावर कढईत पडणारी ती चिमूट तुमच्यावर कुरघोडी करण्यासाठी नसेलही. आपल्या नवऱ्याला, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना, काही होऊ नये म्हणून असेल.

त्यांच्या भीतीला उत्तर द्यायला हवं, आणि ते आहे. म्हातारपणी रक्तातलं सोडियम उतरतं ते बहुतेक वेळा ताटातलं मीठ थोडं कमी झालं म्हणून नव्हे. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे आजार, उलट्या-जुलाब, मानसिक आजारांवरची काही औषधं, किंवा खाणं अगदी कमी आणि पाणी मात्र भरपूर, अशी कारणं त्यामागे असतात. रक्ताच्या तपासणीत येणारा तो आकडा पाणी आणि सोडियम यांचं एकमेकांशी प्रमाण सांगतो, तुम्ही काल आमटीत किती मीठ घातलं ते सांगत नाही. दिवसाला ५ ग्रॅम मीठ हे शरीराच्या गरजेपेक्षा बरंच जास्त आहे. आठवरून पाचवर आल्याने कोणी आयसीयूत जात नाही.

पण सासूबाईंच्या बोलण्यात एक तथ्यही आहे, आणि ते तुम्ही मोकळेपणाने मान्य करा. बीपीच्या कित्येक गोळ्या जोडगोळ्या असतात, एकाच गोळीत दोन औषधं. त्यातलं एक पुष्कळदा क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध असतं. या औषधांनी काही वयस्कर माणसांचं सोडियम खरंच उतरतं. अशी गोळी चालू असताना ७४ वर्षांच्या माणसाने मे महिन्यात मीठ एकदम तोडणं शहाणपणाचं नाही. तेव्हा "कमी" आणि "बंद" यांत फरक ठेवा. आणि सासरे अचानक गोंधळल्यासारखे वागले, खूप झोपाळले, चालताना तोल जाऊ लागला, तर घरी मीठ-साखरेचं पाणी पाजत बसू नका, डॉक्टरकडे न्या. हे सासूबाईंनाही सांगा. आपली काळजी वेडगळ नव्हती हे कळलं की माणूस निम्मा विरोध सोडून देतो.

दोन कढयांचा प्रयोग मात्र आजच बंद करा. तुमची मेहनत दुप्पट होते हे एक कारण. दुसरं कारण मोठं आहे. वेगळी कढई मांडली की मीठ कमी खाणं ही आजाऱ्याची शिक्षा ठरते, आणि शिक्षा भोगणारा माणूस पळवाटा शोधतोच. ५ ग्रॅमची मर्यादा बीपीवाल्यांसाठी काढलेली नाही, ती सगळ्या मोठ्या माणसांसाठी आहे. तुमच्या मुलासाठीही आहे आणि तुमच्यासाठीही. तुमच्या पत्रात दोघांच्या बीपीचे तपशील आहेत, पण तुमचं आणि सासूबाईंचं बीपी किती, याचा उल्लेख नाही. शेवटचं कधी मोजलंत? पाळी जायच्या आसपास बायकांचं बीपी वर सरकू लागतं आणि बहुतेक वेळा कसलाही त्रास जाणवत नाही.

सैंधवाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात थोडक्यात सांगण्यासारखंच आहे. सैंधव, काळं मीठ, जाडं मीठ, खड्याचं मीठ हे जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंग येतो लोहासारख्या खनिजांच्या अंशामुळे. तो अंश इतका थोडा असतो की त्याने पोषणही होत नाही आणि बीपीही उतरत नाही. खडा जाड असला तर चमच्यात कमी मावतो, एवढाच काय तो फायदा, आणि तुमच्याकडे सैल हात सोडल्यामुळे तोही गेला. तोटा मात्र खरा आहे. या मिठात सहसा वेगळं आयोडीन घातलेलं नसतं. गलगंड आवरण्यासाठी आपल्या देशात १९६२ पासून सरकारी कार्यक्रम चालू आहे आणि आयोडीनयुक्त मीठ हा त्याचा कणा आहे. वाढत्या वयाचा मुलगा घरात असताना रोजचं मीठ आयोडीनवालंच ठेवा. ते सैंधव एकादशीच्या साबुदाणा खिचडीला वापरून संपवा.

बाजारात "लो सोडियम" मीठही मिळतं. हा प्रकार सैंधवासारखा फुसका नाही. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. तरीही तुमच्या घरात ते परस्पर आणू नका. टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशा गटांतल्या बीपीच्या गोळ्यांनी शरीरात पोटॅशियम साठू शकतं, मूत्रपिंड कमकुवत असेल तर जास्तच, आणि वाढलेलं पोटॅशियम थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. मी डॉक्टर नाही. पण एकाच कढईत सगळ्यांचं शिजणार असेल, तर त्या कढईतलं मीठ घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाला चालणारं हवं, एवढं सांगायला डॉक्टर असावं लागत नाही. सासऱ्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि पोटॅशियम तपासून त्यांच्या डॉक्टरांनी होकार दिला तरच ते घ्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

तुमची चूक मीठ कमी करण्यात नव्हती, एका रात्रीत निम्मं करण्यात आणि ते जाहीर करण्यात होती. जिभेला खारटपणाची सवय असते आणि ती बदलते, पण तिला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. ब्रिटनमध्ये २००३ पासून सरकारने पाव आणि तयार पदार्थ बनवणाऱ्यांकडून मीठ टप्प्याटप्प्याने उतरवून घेतलं. पावातलं मीठ दहा वर्षांत पाचव्या हिश्शाने घटलं, गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही, कारण कोणाला कळलंच नाही. देशाचं सरासरी मीठ ९.५ ग्रॅमवरून २०११ पर्यंत ८.१ वर आलं. तुम्हाला दहा वर्षं लावायची गरज नाही. दहा आठवडे द्या.

रोज सकाळी एका छोट्या वाटीत दिवसभराचं मीठ काढून ठेवायचं. पहिले पंधरा दिवस ३० ग्रॅम. म्हणजे आजच्यापेक्षा थोडंसंच कमी, कोणाच्या लक्षातही येणार नाही. मग दर पंधरवड्याला ३ ग्रॅम उतरवायचे: २७, २४, २१, १८, १५. स्वयंपाक, कोशिंबीर, ताक, सासऱ्यांचं वरचं मीठ, सगळं त्याच वाटीतून. वाटी संपली की त्या दिवसाचं मीठ संपलं. मोजायला स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं ५ मिलीचं माप घ्या. बारीक मीठ त्यात सपाट भरलं की साधारण ६ ग्रॅम होतं. चहाचा चमचा, पोह्याचा चमचा यांवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक घराचा चमचा वेगळा.

आणि ही वाटी सासूबाईंच्या ताब्यात द्या.

तुम्हाला हे पटणार नाही कदाचित. पण बघा, त्या आत्ता चोरून मीठ घालतात कारण त्या घरात मिठाचा निर्णय आता त्यांचा राहिलेला नाही. चाळीस-पन्नास वर्षं ज्या हाताच्या अंदाजावर घर जेवलं, त्या हाताला तुम्ही एका सकाळी चूक ठरवलंत. वाटी त्यांच्याकडे असली की चिमूट टाकायची की नाही हा त्यांचा हिशेब होतो, आणि सकाळी जास्त टाकली तर संध्याकाळी कमी पडणार हेही त्यांनाच सांभाळावं लागतं. त्यांना "मीठ कमी करा" म्हणू नका. "आई, एवढ्या मिठात बांगड्याचं तिखलं बसवून दाखवा" असं म्हणा. कोकम, तिरफळ, ओलं खोबरं, कच्ची कैरी, ठेचलेली लसूण यांच्या जिवावर कमी मिठात चव कशी उभी करायची, हे मालवणकडच्या बाईला तुम्ही-मी शिकवायची गरज नाही. आंबट आणि तिरफळाचा झणका असला की जीभ मीठ शोधत नाही. एक खारा बांगडा तेवढा जपून. तो करायचाच असेल तेव्हा पाण्यात भिजवून, एकदोनदा पाणी बदलून घ्या आणि त्या दिवशी वाटीत मीठ कमीच काढा.

वजन करायचं काम मुलाला द्या. तो कुरकुरेल, पण आकड्यांत त्या वयाची मुलं रमतात. उत्तर चीनमधल्या चांगझी शहरात प्राथमिक शाळेतल्या मुलांना मीठ कमी करण्याबद्दल शिकवून ते घरी सांगायला लावलं होतं. एका सत्रात त्या घरांतल्या मोठ्या माणसांचं मीठ, बाकी घरांच्या तुलनेत, दिवसाला जवळपास ३ ग्रॅमने कमी झालं. डॉक्टरचं न ऐकणारे आजोबा नातवाचं ऐकतात, हे तुम्हालाही माहीत असेल. पाकिटांवरची लेबलंही त्यालाच वाचू दे. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ, एवढं एकच सूत्र. स्वतःच्या आवडत्या नूडल्सचं आणि वेफर्सचं पाकीट त्याने एकदा असं मोजलं की तुम्हाला वेगळं भाषण द्यावं लागणार नाही.

स्वयंपाकात आधी तिथून काढा जिथे कळत नाही. कणकेत मीठ घालत असाल तर थांबवा. भातात घालत असाल तर तेही. आमटी चवीची असली की भात-पोळी अळणी आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. पालेभाजीत मीठ ती शिजून बसल्यावरच घाला. कच्च्या ढिगाकडे बघून घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. सुक्या भाजीत निम्मं मीठ शिजताना आणि निम्मं उतरवताना घातलं तर वरचं मीठ जिभेला आधी लागतं आणि एकूण कमी पुरतं. कोशिंबिरीला पानावर बसताना मीठ लावा. ताकाला जिरं, आलं, कोथिंबीर लावा, मीठ नको. ढोकळा-भज्यांतला खाण्याचा सोडा आणि पोट जड झालं म्हणून पाण्यात फसफसवून घेतलेली पुडीही सोडियमच आहे, ती सवय सासऱ्यांना असेल तर बघा.

लोणच्यात मात्र मीठ कमी करण्याच्या भानगडीत पडू नका. वर्षाच्या लोणच्याला मीठ टिकण्यासाठी लागतं. ते तोडलंत तर बुरशी येईल आणि सासूबाई ते जन्मभर ऐकवतील. लोणचं तसंच घाला, वाढताना फोड छोटी घ्या, खार निथळून. किंवा कैरी-गाजराचं ताजं लोणचं वाटीभर करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. त्याला टिकायचं नसल्यामुळे मीठ निम्म्याहून कमी चालतं. शनिवारचा पापड ठेवा, माणशी एक. दोन्ही एकदम नको: पापड असेल त्या दिवशी लोणचं नाही.

सासरे वरून मीठ घेतात त्याचं फार मनावर घेऊ नका. आपल्याकडे पानात पहिलं वाढतात ते मीठच. ते काढून घेतलंत तर त्यांना आपलं पानच काढून घेतल्यासारखं वाटेल. एका अमेरिकी प्रयोगात लोकांच्या जेवणातलं मीठ बरंच कमी करून टेबलावर मिठाची डबी मोकळी ठेवली होती. त्यांनी कमी झालेल्यापैकी साधारण पाचवा हिस्साच वरून परत घेतला. बाकीचं वाचलं ते वाचलं. तुमच्याकडे अडचण आहे ती चव न घेता घेण्याची. पहिला घास खाऊन मग मीठ, एवढाच नियम ठेवा, आणि तो पाचही जणांना लावा.

बाहेरच्या खाण्याबद्दल नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा आठवड्यातले तीन दिवस तरी डबा न्यायला सांगा. मिसळीची जादा तर्री, सूप, चायनीज यांचे दिवस ठरवून कमी करा. खाऱ्या दाण्यांऐवजी घरी साधे भाजलेले दाणे. सगळं एकदम सुधारायला जाऊ नका, वाटी खाली उतरते आहे ना तेवढं बघा.

यातून काय मिळेल, तेही नेमकं सांगते, म्हणजे अपेक्षा फुगणार नाहीत. दिवसाला ४ ग्रॅमच्या आसपास मीठ महिनाभर किंवा जास्त काळ कमी ठेवलं, तर बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ५ ने उतरतो. कोणाचा जास्त, कोणाचा कमी. नवऱ्याचं १५० यातून एकट्याने १२० होणार नाही, आणि सासऱ्यांनी "आता मीठ सोडलंय" म्हणून गोळी सोडली तर सगळं मुसळ केरात. गोळी चालूच राहील. मात्र मीठ उतरल्यावर बीपी खरंच कमी येऊ लागलं, उठताना चक्कर आली, तर डोस बदलायचा का हे डॉक्टर ठरवतील. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळी, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा.

सासऱ्यांच्या पुढच्या भेटीला या वेळी तुम्ही जाऊ नका. सासूबाईंना आणि नवऱ्याला पाठवा. सोबत ही वही, सासऱ्यांच्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, आणि चिठ्ठीवर तीन प्रश्न: यातली कोणती गोळी लघवी वाढवणारी आहे? सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं, आता करायचं का? उन्हाळ्यात मीठ-पाणी किती ठेवायचं? शेजारच्या काकांबद्दल सासूबाईंनी स्वतः विचारू दे. आणि तिथे गेलेच आहेत, तर त्यांचंही बीपी मोजून यावं. तुमचं तुम्ही याच आठवड्यात मोजा.